आत्याबरोबर बुडापेस्टच्या ऑपेरेटाला

आत्या सांगलीची. चाळीसेक वर्षं पेटी आणि नाट्यगीतं शिकवली. यंदा दिवाळी आटोपून महिनाभर माझ्याकडे व्हिएन्नाला आली, तेव्हा विमानतळावरच बजावलं, "राजवाडे, चर्चेस फार दाखवू नकोस. एकाच्या फोटोत दुसरं खपून जातं. इथलं संगीत नाटक दाखव." ऑपेरा तिला व्हिएन्नात दाखवला. आवडला, पण म्हणाली, "हे फार सोवळ्यातलं झालं गं." मग मी सरळ बुडापेस्टची तिकिटं काढली. तिथे ऑपेरेटा चालतो, म्हणजे गाणी, नाच आणि संवाद असलेला हलकाफुलका ऑपेरा. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात, म्हणजे तिथला नाट्यहंगाम ऐन भरातला.

बुधवार

व्हिएन्नाहून बुडापेस्टच्या केलेती स्टेशनला रेल्वेने अडीच-पावणेतीन तास लागतात. सीमा कधी ओलांडली ते फोनवर मेसेज येतो तेव्हाच कळतं. ऑपेरेटाच्या दृष्टीने हाच हमरस्ता. हंगेरीतले संगीतकार पेस्टमध्ये, म्हणजे बुडापेस्टच्या पूर्वेकडच्या भागात, नाव काढायचे आणि पैसा करायला व्हिएन्नाला जायचे. कालमान इम्रे (तिथे आडनाव आधी लावतात) तसाच गेला. लेहार फेरेन्त्सलाही यश व्हिएन्नातच मिळालं.

केलेतीहून मेट्रोचं पुढचं स्टेशन ब्लाहा लुय्झा चौक. ही बाई म्हणजे 'राष्ट्राची कोकिळा', एकोणिसाव्या शतकातली सर्वांत लाडकी गायिका-नटी. तिने जिथे रंगभूमी गाजवली ते नाट्यगृह याच चौकात होतं. पुढे तिथे राष्ट्रीय रंगभूमी आली आणि १९६५ मध्ये भुयारी रेल्वेचं कारण सांगून सरकारने इमारत सुरुंगाने उडवली. आता नुसता चौक आणि ट्रामचा खडखडाट. आत्याने सामान तिथेच टेकवलं आणि म्हणाली, "नाव तरी ठेवलंय. आपण तेही पुसतो."

आम्ही ओक्तोगोन चौकाजवळ उतरलो. तुम्हीही त्याच भागात राहा. थिएटर चालत पाच-सात मिनिटांवर, ६ नंबरची ट्रॅम रात्रभर चालू, आणि खाली १८९६ ची पिवळी मेट्रो. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली भुयारी रेल्वे. रस्त्यावरून दहा-पंधरा पायऱ्या उतरलं की फलाट, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना वरदान. मात्र कागदी तिकीट घेतलंत तर मशीनमध्ये ठसा मारायला विसरू नका, तपासनीस दारातच उभे असतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेलेली, त्यामुळे साडेचारला दिवे लागले. कोपऱ्यावर एक म्हातारा भाजलेले चेस्टनट विकत होता. आम्ही पुडी घेतली आणि हात शेकत हिंडलो.

गुरुवार

सकाळी नॉज्मेझो रस्ता पाहून घेतला. याला 'पेस्टचा ब्रॉडवे' म्हणतात आणि ते उगीच नाही. हाकेच्या अंतरावर चार-पाच नाट्यगृहं. ऑपेरेटा थिएटरच्या समोरच जुन्या छायाचित्रकार माय मानोचं देखणं घर आहे, तिथे आता फोटोंची प्रदर्शनं भरतात. थिएटरबाहेर बाकावर कालमानचा ब्राँझचा पुतळा बसलाय. शेजारी जागा मोकळी असल्याने येणारा-जाणारा टेकतो, फोटो काढतो.

ही इमारत १८९४ ची. फेल्नर आणि हेल्मर या व्हिएन्नाच्या जोडगोळीने बांधलेली. त्यांनी मध्य युरोपात थिएटरांची रांगच लावली होती. मुळात हे शोमोश्शी नावाच्या गृहस्थाचं 'ऑर्फेउम', म्हणजे खाणंपिणं चालू असताना गाणी, नाच, कसरती दाखवणारं रंगीत ठिकाण. मालक पुढे बुडाला. १९२३ पासून इथे ऑपेरेटा.

रात्रीचं नाटक कालमानचं 'चार्दाशकिरायनो', म्हणजे चार्दाश नाचाची राणी. त्याचा पहिला अंक बुडापेस्टच्या एका ऑर्फेउममध्येच घडतो. तेव्हा पूर्वी ऑर्फेउम असलेल्या इमारतीत बसून रंगमंचावरचं ऑर्फेउम बघायचं. पडदा उघडला तेव्हा वरचे सोनेरी सज्जे नेपथ्याचाच भाग वाटायला लागले.

त्याआधी कोटांचं प्रकरण. तिथे जाडा कोट घालून प्रेक्षागृहात जायचं नसतं. 'रुहातार' नावाच्या खिडकीत तो देऊन बिल्ला घ्यायचा. आत्याची शाल खिडकीतल्या बाईंनी काढून घेतली नाही, उलट हात फिरवून पाहिली आणि बोटांनी 'छान' अशी खूण केली. लोक नटूनथटून येतात. जीन्सवाल्यांना कोणी हाकलत नाही, पण आपल्याला ओशाळं वाटतं. आत्याने नऊवारी नेसली नाही याची हळहळ मला शेवटपर्यंत राहिली. पैठणी मात्र होती.

गोष्ट साधी. सिल्विया ऑर्फेउममधली गायिका, एडविन व्हिएन्नाचा राजपुत्र. घरच्यांना गाणारी सून नको. त्याचं लग्न दुसरीकडे ठरवलेलं. शेवटी कळतं की नाकं मुरडणारी राजमाता स्वतःच लग्नाआधी स्टेजवर गायची. व्हिएन्नात १९१५ मध्ये आणि पेस्टमध्ये १९१६ च्या नोव्हेंबरात हे पहिल्यांदा झालं. महायुद्ध चालू, तरुण पोरं आघाडीवर मरतायत, आणि पेस्टच्या प्रयोगानंतर तीन आठवड्यांच्या आत म्हातारा सम्राट फ्रान्झ योझेफही गेला. अशा वेळी लोक शॅम्पेनची गाणी ऐकायला झुंबड करत होते. आत्याला मी मध्यंतरात साल सांगितलं, तर ती झटकन म्हणाली, "१९१६? आमचं 'स्वयंवर' त्याच सालचं." मग पेस्ट आणि किर्लोस्कर-गंधर्व यांची तुलना सुरू झाली ती रविवारपर्यंत संपली नाही.

माझ्या डाव्या हाताला ऐंशीच्या घरातल्या एक आजी, सोबत नात. नातीला इंग्रजी उत्तम येत होतं. आजी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. दिवे मंद झाले आणि आजींचं उजवं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं. नुसतं बोट, बाकी अंग स्थिर. प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं सुरू व्हायच्या आत त्यांचे ओठ हलायचे.

मध्यंतरात त्यांनी रुमालात बांधलेल्या पोगाचा आमच्यापुढे धरल्या. पोगाचा म्हणजे चीजच्या खुसखुशीत खाऱ्या बिस्किटवजा छोट्या पावांचा प्रकार. थिएटरच्या उपाहारगृहातही मिळतो, पण "तिथल्या कोरड्या असतात" असा निकाल आजींनी नातीकरवी दिला. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी याच थिएटरच्या वरच्या गॅलरीत बसवून होन्ती हन्ना ही ऑपेरेटाची लाडकी नटी दाखवली होती. हन्नाबाई तेव्हा साठीच्या पुढच्या आणि जिन्यावरून उतरताना सगळं थिएटर उभं राहायचं.

या होन्तीबाईंचा किस्सा सांगायलाच हवा. १९४९ मध्ये थिएटर सरकारजमा झालं. राजपुत्र आणि उमराव यांच्या प्रेमकथा कम्युनिस्ट राजवटीत कशा खपवायच्या? तेव्हाच्या संचालक गाश्पार मार्गित यांनी ऑपेरेटा ही मुळात जनतेचीच कला असल्याचं ठासून मांडलं आणि ती वाचवली. १९५४ मध्ये 'चार्दाशकिरायनो' पुन्हा उभं करायचं ठरलं, पण लाडकी नायिका साठी ओलांडलेली. मग बेकेफी आणि केल्लेर या दोन लेखकांनी संहिताच नव्याने लिहिली. राजमाता त्सेत्सिलियाची भूमिका फुगवून मुख्य केली आणि ती होन्तीला दिली. 'हायमाशी पेतेर, हायमाशी पाल' हे कालमानचंच गाणं त्यात घालून दिलं. आज हंगेरीत प्रेक्षकांना तेच रूप ओळखीचं आहे.

आत्याला हे पचेना. "मूळ संहितेला हात?" पण तिसऱ्या अंकात 'हायमाशी पेतेर' आलं, राजमाता आणि म्हातारे सोबती झग्यांसकट नाचले, आणि ते संपताच नऊशे-हजार माणसांनी ते पुन्हा मागितलं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं, प्रत्येक वेळी नाचात नवी फजिती घालून. तिसऱ्यांदा 'वन्समोअर' देणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता हे मी सांगत नाही. सांगलीला ऐकू गेला असेल.

शेवटच्या टाळ्या ऐकण्यासारख्या. आधी पावसासारख्या विस्कळीत, मग कोणी न सांगता अख्खं थिएटर एका लयीत येतं. मग लय पुन्हा सुटते, पुन्हा जुळते. त्याला तिथे 'वाश्तप्श' म्हणतात, लोखंडी टाळ्या. हंगेरी-रुमानियातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी थिएटरांत ध्वनिमुद्रण करून यावर २००० साली 'नेचर' नियतकालिकात निबंध छापला होता. त्यांना दिसलं की एका लयीत येण्यासाठी माणसं टाळीचा वेग जवळपास निम्मा करतात. आत्या ऐकून म्हणाली, "म्हणजे दुगुनीतून ठायला आले."

तिकिटांबद्दल: थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा, महिनाभर आधी. हंगाम सप्टेंबर ते जून. रोज वेगळं नाटक असतं आणि इथे म्युझिकलही होतात, तेव्हा फलकावरचं नाव बघून खात्री करा, नाहीतर कालमानऐवजी भलतंच पदरात पडायचं. बऱ्याच ऑपेरेटांना वर इंग्रजी ओळी दिसतात. बाजूच्या सज्ज्यातलं स्वस्त तिकीट घेतलंत तर मान वाकडी करून बसावं लागतं. मधल्या गॅलरीची पहिली रांग उत्तम.

शुक्रवार

देली स्टेशनहून शियोफोकची गाडी पकडली. दीड तासात पोचलो, शेवटचा टप्पा बालातोन सरोवराच्या काठाने. सत्त्याहत्तर किलोमीटर लांब हे पाणी, आणि खोली सरासरी तीनेक मीटर. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्हाला बदकं आणि झाडलोट करणारा एक माणूस भेटला.

कालमानचा जन्म इथला, १८८२ चा. मूळ आडनाव कोप्श्टाइन. बाप धान्याचा व्यापारी, तो बुडाला आणि कुटुंब पेस्टला आलं. जन्मघरात आता स्मृतिसंग्रहालय आहे, स्टेशनहून अगदी जवळ. पोराला पियानोवादक व्हायचं होतं, पण हाताच्या दुखण्याने ते राहिलं. मग संगीत अकादमीत रचना शिकला. एकाच गुरूकडे बार्तोक, कोदाय हे पुढचे नामवंत संगीतकार आणि हा. ते दोघं गावोगाव लोकगीतं गोळा करत फिरले. याच्या गंभीर रचना चालेनात, तेव्हा याने ऑपेरेटा लिहिला. १९०८ चा 'तातारयाराश' पेस्टमध्ये चालला, लगेच व्हिएन्नाने बोलावलं.

संग्रहालयात आम्ही दोघीच. १९२१ च्या 'बायादेर'चं नाव पाहून मी आत्याला थांबवलं. त्याचा नायक लाहोरचा राजपुत्र राजामी! पॅरिसला येतो आणि देवदासीची भूमिका करणाऱ्या नटीच्या प्रेमात पडतो. आत्या हसून हसून दमली. "लाहोरचा? मग गातो कशात, वॉल्ट्झमध्ये?" तेच तर. वॉल्ट्झमध्येच गातो.

याच गोड चालींच्या माणसाला ज्यू म्हणून १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडावी लागली. पॅरिस, मग अमेरिका. त्याच्या दोन बहिणी नाझींच्या छळात गेल्या. तो १९५३ मध्ये पॅरिसला वारला, पुरलं मात्र व्हिएन्नात. परतीच्या गाडीत आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

जेवणाबद्दल इथेच सांगते. शाकाहारी असाल तर हाल होत नाहीत, पण विचारून घ्या. गुलाश हे बहुधा गोमांसाचं पातळ सूप, रस्सा नव्हे. 'तूरोश चुसा' म्हणजे चीज-मलईतला पास्ता निर्धोक वाटतो, वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकलेले असतात. 'फोझेलेक' ही भाजीची दाटसर उसळ चांगली, आणि तळलेलं चीज 'रान्तोत शायत' सगळीकडे. लांगोश मात्र खाच: भटुऱ्याचा युरोपियन मावसभाऊ, लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज लावून. गोडात गेस्तेन्येप्युरे. चेस्टनटचा शेवेसारखा पाडलेला लगदा, वर फेटलेली साय. आत्याने एकटीने दोन वाट्या संपवल्या.

शनिवार

एक नोव्हेंबर, त्यांचा सर्वसंतांचा दिवस. दुकानं बंद. आदल्या दिवशीच दूध-पाव घेऊन ठेवा.

सकाळी बुडा बाजूला गुल बाबाच्या कबरीवर. हा तुर्की दरवेश १५४१ मध्ये इथे वारला. चढणीच्या फरसबंद गल्लीतून वर गेलं की गुलाबाची बाग आणि अष्टकोनी छोटी कबर. हुस्का येनोने १९०५ मध्ये याच बाबावर ऑपेरेटा लिहिला. गुलाब चोरणारा विद्यार्थी, बाबाची मुलगी, बाकी तुम्हाला कळलंच असेल.

दुपारी किराय रस्त्यावर 'किराय सिनहाझ', राजाचं थिएटर, कुठे होतं ते शोधायला गेलो. 'चार्दाशकिरायनो' पेस्टमध्ये पहिल्यांदा झालं ते तिथे. थिएटर १९४० च्या सुमारासच पाडलं. बघायला काही नाही, पण १९०४ मध्ये तिथेच 'यानोश वितेझ' झालं होतं. कवी पेतोफीच्या काव्यावरचं ते संगीत नाटक, आणि मेंढपाळ नायकाची भूमिका केली फेदाक शारी या बाईने. पँट घालून, बूट चढवून. मी हे सांगितलं आणि आत्या फुटपाथवरच थांबली. "१९०४? नारायणराव किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ ला." म्हणजे इकडे पुरुष भामिनी-रुक्मिणी होण्याच्या तयारीत, आणि तिकडे बाई मेंढपाळ होऊन अख्खं शहर वेडं करतेय. मला विचाराल तर आमच्या सहलीतला सर्वांत मोठा ऐवज त्या रिकाम्या फुटपाथवर मिळाला.

अंधार पडताना फियुमे रस्त्यावरच्या दफनभूमीत गेलो. या दिवशी सगळं शहर शेवंतीच्या कुंड्या आणि पणत्या घेऊन येतं. ब्लाहा लुय्झाची समाधी मोठी नाटकी आहे: बाई पलंगावर निजलेली आणि भोवती बाळदेवदूतांची गर्दी. पायाशी इतक्या पणत्या की जवळ गेलं तर धग लागावी. एका तरुण जोडप्याने आपल्याकडची एक जास्तीची पणती आत्याच्या हातात दिली. आत्याने ती लावली, आणि आपल्याकडे गंधर्वांच्या तसबिरीपुढे करतात तसा कान धरून नमस्कार केला.

रात्री जेवायला गेलो तिथे रोमा वादकांचा ताफा होता. त्सिम्बालोम जवळून पाहायला मिळालं. संतूरच्या घराण्यातलं, पण पाय असलेलं आणि टेबलाएवढं, कापूस गुंडाळलेल्या काड्यांनी वाजवतात. प्रमुख व्हायोलिनवाला टेबलापाशी आला की नोट द्यायची पद्धत आहे, आधी सुटे जवळ ठेवा. त्याने एक संथ धून काढली. चार्दाशमध्ये आधी संथ 'लाश्शू', मग द्रुत 'फ्रिश्श'. आत्या डोळे मिटून पुटपुटली, "मधुवंती... नाही, धैवत कोमल लावतोय." मग पर्समधून बॉलपेन काढून कागदी रुमालावर स्वर लिहिले: सा, शुद्ध रे, कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध नी. "कर्नाटकातल्यांचा सिंहेंद्रमध्यम की गं हा!" व्हायोलिनवाल्याने रुमाल पाहिला, काही कळलं नाही, पण तिने ते गुणगुणून दाखवलं तेव्हा त्याने तेच एक सप्तक खाली आणून तिच्यामागे वाजवलं. पैसे घेतले नाहीत.

रविवार

दुपारचा प्रयोग, 'मारित्सा ग्रोफ्नो', कालमानचाच, १९२४ चा. कंगाल झालेला सरदार तासिलो बहिणीच्या हुंड्यासाठी मारित्साच्या जमिनीवर खोट्या नावाने कारभारी बनतो. मारित्सा लग्नाळूंना टाळायला 'माझं बॅरन झुपानशी ठरलंय' अशी थाप मारते. नाव दुसऱ्याच एका ऑपेरेटातून उचललेलं. आणि खरोखरीचा बॅरन झुपान दारात हजर. सभागृह लोळत होतं.

एका गाण्याला मात्र हसता हसता हवा बदलली. जर्मन संहितेत झुपान तिला वाराझ्दीन गावाला बोलावतो. हंगेरियन भाषांतरात ते कोलोझ्वार केलंय, 'सुंदर शहर कोलोझ्वार'. ते शहर १९२० च्या त्रियानों तहात रुमानियाकडे गेलं होतं. म्हणजे गाणं पेस्टमध्ये आलं तेव्हा जखम चार वर्षांची. चाल उडती, नाच विनोदी, आणि तरी आसपासची म्हातारी माणसं एकदम बरोबर गायला लागली. आत्याने मला कोपराने ढोसलं: "यांचं बेळगाव."

बाहेर आलो तर पाऊस. कालमानच्या पुतळ्याच्या मांडीवर पाणी साचलेलं.

सोमवार

गाडी दुपारची. सकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आत्याला 'चार्दाशकिरायनो'ची गाण्यांची नोटेशनं सापडली, पिवळी पडलेली, मुखपृष्ठावर होन्तीबाई. अशी दुकानं शहरात बरीच आहेत, नॉज्मेझोपासून लांब जायची गरज नाही. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद असतात, तेव्हा परतीचा दिवस दुकानांना द्या.

आत्याला पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. गाडीत तिने मला ती एकेक ओळ मोबाइलच्या पियानोवर वाजवायला लावली आणि स्वतः वहीत सरगम उतरवत गेली. 'हायमाशी पेतेर'च्या दुसऱ्या ओळीवरून आमचं ग्योर स्टेशनपर्यंत भांडण झालं. मी वाजवलेलं चूक आहे, थिएटरात त्या तिघांनी तिथे स्वर चढवला होता, असं तिचं म्हणणं. समोरच्या सीटवरच्या हंगेरियन बाईंनी शेवटी हेडफोन काढले, ओळ गाऊन दाखवली आणि पुन्हा हेडफोन लावले. आत्या बरोबर होती.